न वाळणारे लंगोट

श्रावण लागला की आमच्या गॅलरीत नायलॉनची एक दोरी आडवी येते आणि पुढचे दोन-अडीच महिने घरातल्या प्रत्येकाला वाकून चालावं लागतं. पाऊस रोज पडतोच असं नाही. आमच्या पडेगावकडे तर तो बऱ्याचदा नुसता येऊन बसतो. दौलताबादचा डोंगर सकाळपासून दिसेनासा होतो, हवा चिकट होते आणि दोरीवरचे कपडे धड ओले नाहीत, धड कोरडे नाहीत, असे लटकत राहतात. या दिवसांत दोरीवरून काढलेला प्रत्येक कपडा मी आधी नाकाला लावते. शाळेचा शर्ट, नवऱ्याचा रुमाल, उशीचा अभ्रा. माझी लेक स्वरा आता पहिलीत आहे. तिला या गोष्टीचं फार हसू येतं. “आई, तू कपडे का खातेस?” असं ती शेजारपाजारच्यांसमोर विचारते.

खाते कसली, संशय घेते. माझा स्वभावच तसा आहे आणि नोकरीनं त्याला खतपाणी घातलं आहे. शेंद्र्याच्या एका कारखान्यात मी गाड्यांचे सुटे भाग तपासते. टेबलावर एकासारखे एक दिसणारे तुकडे येत राहतात आणि त्यांतला कुठला दगा देणार आहे ते शोधायचं, याचा मला पगार मिळतो. बोट फिरवायचं, उजेडात धरायचं, भिंगातून बघायचं. जो तुकडा फारच चकचकीत दिसतो त्याच्याकडे दोनदा बघायचं. ही सवय संध्याकाळी कारखान्याच्या गेटवर ठेवून घरी येता येत नाही. दूध, पेट्रोलचा काटा, ‘फक्त आजच’ म्हणणारी पाटी, आणि अचानक गोड बोलायला लागलेला नवरा, सगळं मी उजेडात धरून बघते.

परवा जेवणाच्या सुट्टीत आमच्या लाइनवरची अश्विनी शेजारी येऊन बसली. तिला सातवा महिना लागला आहे. डबा उघडता उघडता तिनं हळूच विचारलं, “ताई, तुम्ही म्हणे स्वराला स्वस्तातले कापडी डायपर वापरले होते. चालतात का हो? की पुरळ उठतं?”

“चालतात,” मी म्हटलं. “कापड चांगलंच असतं. फक्त घरात ते किती जण धुतात, तेवढं बघ.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मी विषय बदलला, कारण तो पावसाळा एका डब्यात सांगून संपणारा नव्हता. पण संध्याकाळी बसमध्ये बसल्यावर त्या दिवसांचा वास आला. ओल्या होजियरीचा, कोमट साबणाचा आणि बाळाच्या डोक्याला लावलेल्या तेलाचा. 

स्वरा वैशाखातली. ऊन असं की पंख्याखालीही अंगाची लाही व्हायची. दुकानातले तयार डायपर घातले की दोन तासांत तिच्या जांघा घामोळ्यांनी भरायच्या. शिवाय ते गठ्ठ्यांवर गठ्ठे लागायचे आणि घंटागाडीवाला आमची पिशवी बघून तोंड वाकडं करायचा. आषाढात कुणीतरी शमीमभाभींचं नाव सांगितलं. त्या आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. एका कपडे शिवणाऱ्या कारखान्यातून उरलेलं होजियरीचं कापड आणून त्या बाळांचे कपडे शिवायच्या. लंगोटच, पण नव्या धर्तीचे. कमरेला टिचबटणं, बाहेरून रेनकोटसारखं कापड, आत घडी घालून सरकवायची सुती पट्टी. दिसायला दुकानातल्या महागड्या डायपरसारखेच, आणि किंमत मात्र ऐकून मी दोन पावलं मागं सरले इतकी कमी.

“इतकं स्वस्त कसं काय परवडतं तुम्हाला?” मी विचारलं.

“कतरन का माल है ताई. आन शिलाई घरची,” शमीमभाभी म्हणाल्या. “माझ्या नवाशीला पन हाच कपडा लावते मैं.”

नवाशी म्हणजे मुलीची मुलगी. ती समोरच चटईवर पालथी पडून शिंप्याची टेप चावत होती. माझं तेवढ्यानं भागलं नाही. मी लंगोट खिडकीशी नेऊन उजेडात धरला. कापड ताणून बघितलं. शिवण उलटी करून बघितली. शेवटी म्हटलं, एक दोरा जाळून बघू का? सुती कापडाचा दोरा जळला की राख होते, बनावट असला की त्याची गोळी होते. भाभींनी चुलीशेजारची काडेपेटी पुढं केली. दोऱ्याची राख झाली. “शादी के टाइम दूल्हे को भी ऐसाच जाँचा था क्या?” त्यांनी विचारलं. मी लंगोट घेऊन घरी आले. राख झाली ती पट्टीच्या दोऱ्याची, बाकीच्याचं काय, असं जिना चढताना मनात आलंच.

त्याच आठवड्यात करमाडहून आत्या आल्या. सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्या भागात तशीच रीत आहे. माझी सुट्टी दसऱ्याला संपणार होती. त्यानंतर मी कामावर आणि दिनेश, म्हणजे माझा नवरा, शाळेत. तो गणिताचा मास्तर. तेव्हा दिवसभर स्वराला आत्यांनी सांभाळायचं, असं ठरलं होतं. गंमत अशी की माझा कारखाना त्यांच्या गावाच्या अलीकडे, म्हणजे रोज मी त्यांच्या गावाकडे जाणार आणि त्या माझ्या घरात बसणार. ठरवताना सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. मीही डोलावली होती. पण लेक जसजशी हसायला लागली, माझा आवाज ओळखायला लागली, तसतसं माझं मन मागं सरायला लागलं. आत्या वाईट नव्हत्या. त्या मायाळू होत्या, स्वच्छ होत्या. पण माझ्या नजरेआड त्या काय करतील, हे मला ठाऊक नव्हतं, आणि जे मला ठाऊक नसतं त्याला मी पास करत नाही.

लंगोट बघून आत्यांनी आधी कोऱ्या कापडाला नाव ठेवलं. लेकराला कोरं घालायचं नसतं, जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं घालायचं असतं. ते झाल्यावर टिचबटणांवर आल्या. मग मी लंगोट मशीनमध्ये टाकायला निघाले तर दारात आडव्या झाल्या. “त्याच्यात शी-शूचं पानी गरागरा फिरतं आन तेच पुन्यांदा कापडाला लागतं. आन ते मशीन पिळतं बी. लेकराचं कापड पिळायचं नसतं सविता. लेकरू पिळतं मंग, रातभर अंग मोडतं.”

या गोष्टीवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. कपडा पिळल्यानं बाळ कसं पिळेल? पण खरं सांगते, त्या दिवसानंतर एकटी असतानाही मी स्वराचा एकही कपडा पिळला नाही. हातात धरायची, पिळण्यासाठी मूठ आवळायची आणि सोडून द्यायची. पाळण्यात ती अंगाला आळोखेपिळोखे देत असायची. न जाणो, असं वाटायचं. संशयी माणसाला आपल्या अविश्वासाचाही भरवसा नसतो.

तर मशीन बंद झालं आणि लंगोट हातानं धुवायचे ठरले. आत्या पहाटे धुवायच्या आणि न पिळता, तसेच निथळते, दोरीवर टाकायच्या. तिन्हीसांजेच्या आत ते घरात आलेच पाहिजेत, अशी दुसरी ताकीद. म्हणजे मग संध्याकाळनंतर ते घरातल्या खुर्च्यांच्या पाठींवर, खिडकीच्या गजांवर, टीव्हीच्या कडेला. आल्यागेल्याला बसायला जागा नव्हती. आणि तरी ते वाळत नव्हते. बाकीचे कपडे दुसऱ्या दिवशी का होईना वाळायचे. माझे गाऊन वाळायचे, दिनेशच्या जाड पँटी वाळायच्या. लंगोट मात्र सकाळी ओले, दुपारी ओले, संध्याकाळी ओले. मी दिवसातून दहादा त्यांना हात लावायची. इस्त्री फिरवून, पंख्याखाली धरून कसेबसे दोन-चार कोरडे करायची.

“हे कापडच पानी सोडत नाय,” आत्या म्हणायच्या. “सस्तातलं घेतलं की असं व्हतं.”

मलाही ते पटायला लागलं होतं. हे कापड पाणी धरून ठेवतंय. त्यात काहीतरी मिसळलेलं आहे. राख झाली ती नेमका बरा दोरा माझ्या हाती लागला म्हणून.

आणि त्याच सुमारास स्वराचं बूड लाल झालं. आधी नुसती लाली. मग बारीक पुरळ. मग जांघेत कातडं सोललं. शू झाली की ती अशी किंचाळायची की खालच्या मजल्यावरची बाई वर येऊन बघून जायची. मी तिला मांडीवर उताणी घेऊन वारा घालायची आणि माझ्या डोळ्यांतून पाणी गळायचं. एवढंसं अंग, आणि त्यात जिथं सगळ्यांत मऊ असायला हवं तिथंच जखम. मला त्या काळात जेवण जात नव्हतं.

डॉक्टरांनी मलम दिलं आणि विचारलं, “साबण वगैरे बदललाय का?” मी म्हटलं, नाही. ते खरंच होतं. साबण तोच होता. ते म्हणाले, मग ओल असेल, कोरडं ठेवा. कोरडं ठेवा! श्रावणात, आमच्या घरात, त्या लंगोटांना कोरडं ठेवा म्हणे.

मी लंगोटांची पिशवी घेऊन शमीमभाभींकडे गेले आणि जरा चढ्या आवाजात बोलले. त्यांनी शिलाई थांबवली. चष्मा कपाळावर सरकवला. “कपडे को कुछ नक्को बोलो ताई,” त्या म्हणाल्या. “पानी देखो अपना. टँकरचं पानी है की बोअरचं? उससे तो बर्तन पे बी पांढरे डाग पडतेत.” पाण्याचा मुद्दा मी घरी येईपर्यंत उचलून धरला. आमच्या भागात नळाला पाणी येतं तेव्हा सणच असतो. बाकी दिवस ड्रम, टाकी आणि टँकर. शिवाय त्या पावसाळ्यात आमची टाकी वेळेआधीच तळाला जायला लागली होती. माणसं तीन आणि एक तान्हं बाळ, पाणी जातं कुठं? माझी खात्री होती की खालच्या मजल्यावरचे चोरून नळी लावतात. दोन वेळा मी गच्चीवर जाऊन पाईप हातानं चाचपून आले.

पण खरा संशय पाण्यावर नव्हता, आणि कापडावरही नव्हता. तो पहिल्यापासून होता आत्यांच्या हातावर. पुरळ उठायच्या आधीच एकदा पहाटे मी मोरीच्या दारातून त्यांना लंगोट धुताना बघितलं. बसक्या स्टुलावर बसून बादलीत बुचकळायचं, वर काढायचं, पुन्हा बुचकळायचं. चोळणं असं दिसलंच नाही. वय झालंय, मनगटं दुखतात, नजर कमी झालीय, असं मी मनातल्या मनात सगळं सौम्यपणे मांडलं आणि अर्थ एकच काढला, की यांच्याकडून नीट निघत नाही. मग मी माझा मार्ग काढला. दुपारी जेवण झालं की आत्या स्वराच्या पाळण्याशेजारी आडव्या व्हायच्या. त्यांचे डोळे मिटले की मी दोरीवरचे लंगोट उतरवायची, गरम पाण्यात पावडर टाकून भिजवायची, दोन पाण्यांतून काढायची आणि होते त्याच क्रमानं पुन्हा लटकवायची. पाणी कमी म्हणून दोनच पाणी. आणि पिळायची नाही, हे सांगितलंच.

पुरळ उठलं त्या आठवड्यात, आत्या मंदिरात गेल्या असताना, मी नगर नाक्याजवळचं एक पाळणाघर बघून आले. भिंतींवर ससे आणि फुलपाखरं रंगवलेली. बाई हसतमुख, फारच हसतमुख. मी त्यांच्या हातांची नखं बघितली, दुधाच्या बाटल्या बघितल्या, कोपऱ्यातल्या गाद्यांचा वास घेतला. मला तेही पटलं नाही, पण नंबर देऊन आले. दिनेशला सांगितलं नाही. तो तरी कुठं मला सगळं सांगत होता? शाळेतून आला की हल्ली अंघोळीला फार वेळ लावायचा आणि मोरीतून दवाखान्यासारखा वास यायचा. मी विचारलं तर म्हणायचा, “खडूची धूळ असते गं.”

भाद्रपदातला तो रविवार. सकाळपासून अंधारून आलेलं आणि दुपारी अचानक आडवा पाऊस सुरू झाला. आमच्या गॅलरीला छज्जा आहे, एरवी कपडे भिजत नाहीत. त्या दिवशी वाऱ्यानं पाऊस थेट दोरीवर आणून मारला. सगळे धावले. मी स्वराला खांद्यावर घेऊन, आत्या पदर खोचून, दिनेश हातातलं वर्तमानपत्र तसंच घेऊन. आणि दारातच तिघेही थबकलो.

लंगोटांखालच्या फरशीवर फेस झाला होता. पांढरा, जाड, बुडबुड्यांचा फेस. पाऊस लंगोटांवर आपटत होता आणि प्रत्येक लंगोटाच्या खालच्या टोकातून फेस गळत होता, फरशीवरून सरकत सरकत पाणी जायच्या भोकाकडे निघाला होता. शेजारीच माझा गाऊन भिजत होता, त्यातून नुसतं पाणी गळत होतं.

“अगं माय, हे काय?” आत्या म्हणाल्या.

“पावडर सांडली का कुणाकडून?” दिनेशनं विचारलं.

कुणाकडून काही सांडलं नव्हतं. आम्ही बघत राहिलो. वाटलं, आता थांबेल, मग थांबेल. फेस येतच राहिला. आकाशातून बादल्यांनी पाणी ओतलं जात होतं आणि त्या एवढ्याशा कापडातला साबण संपत नव्हता.  त्यातली माझी दुपारची पावडर मला ओळखू येत होती. पण एवढा फेस माझ्या एकटीचा नव्हता.

दिनेशनं घसा खाकरला. “मी संध्याकाळी अंघोळीच्या वेळी हे लंगोट बादलीत बुडवतो आणि जरा जंतुनाशक टाकतो. ते पाण्यात पांढरं होतं ना, ते. अगदी झाकणभर. आणि थोडा लिक्विड साबण.”

“कामून?” आत्यांनी त्याच्याकडे वळून विचारलं.

“नाही, म्हणजे तुझी नजर आता... आणि सविता पण घाईत असते... म्हटलं एकदा आपल्या हातानं...”

“माजी नजर?” आत्यांचा आवाज चढला. “मी पहाटं दोन येळा साबन लावते. दोन येळा! ही दुपारी नुसती भिजवून टाकती म्हनून.”

मी खांद्यावरची स्वरा घट्ट धरली. “तुम्हाला माहीत होतं?”

“डोळे मिटले म्हनून झोपले व्हय मी?”

म्हणजे असं होतं. पहाटे आत्या माझ्यावर संशय घेऊन धूत होत्या. दुपारी मी आत्यांवर संशय घेऊन धूत होते. संध्याकाळी दिनेश आम्हा दोघींवर संशय घेऊन धूत होता. ते लंगोट वाळणार कधी? टाकी टिकणार कशी? खालच्या मजल्यावरच्यांनी बिचाऱ्यांनी एक थेंब चोरला नव्हता. आणि न पिळलेल्या कापडात एकावर एक बसत गेलेला तिघांचा साबण, शू झाली की ओला होऊन त्या पोरीच्या कातड्याला लागत होता. कारखान्यात एखाद्या तुकड्यावर असा डाग पडला असता तर मी पहिल्यांदा विचारलं असतं, याला कुणाकुणाचे हात लागलेत? घरात हा प्रश्न मला सुचला नाही, कारण स्वतःचे हात मी त्यात धरलेच नव्हते.

मला दोघांचा भयंकर राग आला. मग माझाच आला. मग रडूच आलं, मोठ्यानं, आणि स्वरा माझ्या खांद्याचं हाड चावायची थांबून माझ्याकडे बघायला लागली.

आत्या पावसात पुढं झाल्या. एक लंगोट दोरीवरून ओढला. पागोळीखाली धरला, फेस गेला, पुन्हा आला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला आणि तशाच थांबल्या. एकदा वळून स्वराकडे बघितलं. मग ओठ घट्ट मिटून, दुखऱ्या मनगटांनी, त्यांनी तो लंगोट पिळला. कचकचून पिळला. त्यातून जे पांढरं पाणी निघालं ते मी कधी विसरणार नाही. पिळून झाल्यावर त्या पुन्हा वळल्या आणि नातीला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं.

“काय नाय झालं तिला,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “दुसरा दे.”

तिघांनी मिळून सगळे लंगोट पावसाच्या पाण्यात पिळले, पुन्हा धरले, पुन्हा पिळले, फेस थांबेपर्यंत. दिनेशचा शर्ट अंगाला चिकटला होता. आत्यांचे पांढरे केस कपाळावर आले होते.  रात्रीपर्यंत लंगोट पंख्याखाली वाळून कडक झाले. आठ-दहा दिवसांत स्वराचं कातडं भरून आलं आणि शू केल्यावर ती पुन्हा पहिल्यासारखी, आपल्याच पराक्रमावर खूश होऊन, पाय झाडायला लागली. शमीमभाभींना मी जाऊन सांगितलं. “हौ, मैं तो पहलेच बोली थी, कपडा एक नंबर है,” त्या म्हणाल्या. पाण्याबद्दल काय बोलल्या होत्या ते त्यांना आठवत नव्हतं, आणि मीही आठवण दिली नाही.

वाटलं होतं, पुरळ गेलं तसा संशयही जाईल. इतकी मोठी अद्दल घडल्यावर माणूस सुधारायला हवा. मी सुधारले नाही. आत्यांची पहाट, माझी दुपार आणि दिनेशची संध्याकाळ ही वाटणी मोडली, एकानंच धुवायचं ठरलं आणि ते काम आत्यांकडे गेलं. त्यांनी ते उत्तम केलं. तरी दसरा जवळ यायला लागला तशी मी पुन्हा नाक्यावरच्या त्या पाळणाघराचा विचार करायला लागले. आत्यांच्या हातून चूक झाली होती, तेवढं मला लख्ख आठवत होतं. चूक तिघांची होती, हे तेवढं लख्ख आठवत नव्हतं.

आणि एका सकाळी मी अंघोळ करून बाहेर आले तर आत्या माझा फोन हातात धरून बसल्या होत्या.

“पाळणाघरवाल्या बाईचा व्हता,” त्या म्हणाल्या. “जागा हाय म्हनली. म्या इचारलं, कुनाच्या लेकरासाठी?”

 केसांतलं पाणी फरशीवर ठिबकत होतं.

“टाक की तिथं. मी तुज्या वाटंत नाय,” आत्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. “मीबी दिनेशला माज्या सासूपाशी ठिवलं नव्हतं. रानात न्यायची, बाभळीला झोळी बांधायची. उन्हातान्हात. सासू रोज दारात उभी ऱ्हायची, दोन्ही हात पुढं करून. ठिव म्हनायची, मी बघते. मी तशीच तिच्या समोरून जायची. म्हातारी मरंपर्यंत त्यावर एक अक्षर बोलली नाय. मला वाटायचं, तिला काय वाटतच नसंल.” त्यांनी फोन माझ्या हातात दिला. “आता कळालं, काय वाटत असंल.”

मी पाळणाघराच्या बाईंना फोन करून नको म्हणून सांगितलं. सांगितलं खरं, पण ते आत्यांची दया येऊन सांगितलं. विश्वास बसला म्हणून नाही. या दोन्हींतला फरक आत्यांनाही कळत होता, अशी मला आजही शंका आहे.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी मी कामावर निघाले. स्वराला पोटभर पाजलं, लंगोट बदलला, बाटल्या भरून ठेवल्या, काय कुठं आहे ते आत्यांना इतक्यांदा सांगितलं की शेवटी त्या नुसती मान हलवायला लागल्या. नगर नाक्यावर कंपनीची बस आली. ओळखीचे चेहरे, “काय मग, बाळ कसंय?”, खिडकीची जागा. बस छावणीतून पुढं गेली आणि मी घरी फोन लावला. उचलला नाही. मोरीत असतील. बाबा पेट्रोल पंपाशी बस आली तेव्हा पुन्हा लावला. उचलला नाही. पाळण्यातून पडली असेल. दूध घशात अडकलं असेल. आत्याच चक्कर येऊन पडल्या असतील आणि ती एकटी रडत असेल. क्रांती चौकात सिग्नलला बस थांबली तेव्हा मी उठून उभी राहिले, ड्रायव्हरला म्हटलं, दार उघडा. शेजारची ओरडली, “अगं, पहिल्याच दिवशी?” मी रस्ता ओलांडून रिक्षा पकडली आणि सगळा रस्ता रिक्षावाल्याच्या पाठीकडे बघत दात आवळून बसले.

रिक्षा थांबवून ठेवली आणि जिना चढले. दार नुसतं लोटलेलं होतं. ढकललं तर समोर आत्या भिंतीला टेकून पाय पसरून बसलेल्या आणि त्यांच्या जुळवलेल्या पायांवर स्वरा, मुठी उघड्या टाकून, गाढ झोपलेली. फोन आतल्या खोलीत होता. आत्यांनी मान वळवली नाही.

“आलीस व्हय,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. “म्हनून कडी लावली नव्हती.”

“तुम्ही फोन का नाही उचलला?”

“उठले असते तर ही उठली असती.” मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. “ये. हात लावून बघ. तुजं समाधान व्हऊ दे.”

मी चपला काढल्या. गुडघ्यावर बसले आणि खरोखरच हात लावून बघितला. लंगोट ओला होता. गच्च नव्हता, पण ओला होता. माझी बोटं तिथंच थांबली. मी वर बघितलं तेव्हा आत्या माझ्या बोटांकडेच बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला.

“आत्ताच केली असंल,” त्या म्हणाल्या. “झोप मोडंल म्हनून मी बघितलं नाय. उठली की लगेच बदलते.”

कोरडे लंगोट माझ्या हाताच्या अंतरावर, खुर्चीवर घडी घालून ठेवलेले होते. बदलायला मला काहीच वेळ लागला नसता. आत्याही काही बोलल्या नसत्या. त्या तशाच पाय न हलवता बसून राहिल्या, आणि मी काय करते याची वाट बघत राहिल्या.

खालून रिक्षाचा हॉर्न वाजला. मी ओढणीला हात पुसला, “जाते आत्या,” म्हटलं, आणि लेकीला तशीच, ओल्या लंगोटात, त्यांच्या पायांवर ठेवून जिना उतरले.